हसू कुणाच्या बाजूने? : आचार्य अत्रे आणि फुल्यांचा चित्रपट

१

मी सातवीत होतो तेव्हाची गोष्ट. गुरुजींनी धडा वाचायला उभे केले. वाचता वाचता 'पाणी' या शब्दाशी आलो आणि घरी जसा म्हणत होतो तसा म्हणालो, 'पानी'. गुरुजींनी पुस्तक खाली ठेवले आणि माझ्याच आवाजात, माझ्याच हेलात तो शब्द तीन वेळा म्हणून दाखवला. सारा वर्ग हसला. मीही हसलो. न हसून करतो काय? त्या दिवशी मला व्याकरण कळले नाही, पण एक गोष्ट कायमची कळली. हसणे ही साधी बाब नाही. कोण हसतो, कुणाला हसतो आणि कुणाच्या जोरावर हसतो, याला इतिहास आहे.

पुढे १९७३ साली दुष्काळाची धूळ अंगावर घेऊन मी औरंगाबादला शिकायला आलो. नागसेनवनाच्या वाऱ्यात आमची मान सरळ झाली. त्या वर्षांत आम्ही प्रस्थापित मराठी साहित्याला बरेच प्रश्न विचारले. ते विचारायलाच हवे होते. पण मराठी विनोदाला मात्र आम्ही फारसे प्रश्न विचारले नाहीत. विनोद म्हणजे करमणूक, तिच्यावर काय वेळ घालवायचा, अशी आमची समजूत होती. आज शिक्षकी पेशातून निवृत्त झाल्यावर वाटते, ती आमची चूक होती. जातिव्यवस्थेने माणसाला जेवढे काठीने मारले, तेवढेच हसून मारले आहे. म्हणून एका हसवणाऱ्या माणसाचा हिशेब आज मांडतो आहे. हा माणूस म्हणजे प्रल्हाद केशव अत्रे. विडंबनकार, नाटककार, पटकथालेखक, संपादक आणि वक्ता. त्याच्या लेखणीने पाऊण शतकापूर्वी जोतीराव फुल्यांना पडद्यावर आणले.

अत्र्यांचे नाव आमच्या घरात पुस्तकातून आले नाही. माझे थोरले चुलते मुंबईला गिरणीत होते. गावी येताना ट्रंकेत 'मराठा'चे जुने अंक घेऊन येत आणि रात्री कंदिलाच्या उजेडात मोठ्याने वाचून दाखवत. १९६९ च्या जूनमध्ये ते सुट्टीवर आले होते. १३ जूनला अत्रे गेले. बातमी कळली तेव्हा चुलते बराच वेळ गप्प बसले आणि मग आजीला म्हणाले, "आई, बाबांच्या चितेपाशी बोलला हुता ना, त्यो मानूस गेला." महारवाड्यातल्या एका घरात एका ब्राह्मण लेखकाची ओळख या एका वाक्यात होती. त्याने चाळीस वर्षे महाराष्ट्राला हसवले, याचा त्या वाक्यात उल्लेखही नव्हता. ही ओळख त्याने कशी कमावली आणि ती कुठवर पुरते, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

अत्र्यांकडे वळण्याआधी पुण्याच्या हसण्याकडे पाहिले पाहिजे. कारण अत्रे त्याच पुण्यात घडले.

१८५५ साली जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. अडाणी कुणबी जोडप्याला जोशी कसा नागवतो, हे त्यात दाखवले आहे. आधुनिक मराठीत धर्माच्या नावाने चालणाऱ्या लबाडीची टर उडवणारे हे आरंभीचे लेखन होय. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक नाकारले. ते छापून वाचकांसमोर यायला १९७९ साल उजाडले. म्हणजे शूद्राने उडवलेली टर सव्वाशे वर्षे बंद पेटीत राहिली.

उलट बाजूचे हसणे मात्र लगेच छापले जात होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ साली सुरू झाली. तीत त्यांनी 'गुलामगिरी'कार फुल्यांचा समाचार घेतला. मुद्द्याला उत्तर देण्याऐवजी भाषेची खिल्ली उडवली. फुल्यांचे व्याकरण चुकते, त्यांना लिहिता येत नाही, मग त्यांच्या म्हणण्याकडे लक्ष कशाला द्यायचे, असा त्या उपहासाचा रोख होता. माझ्या गुरुजींनी वर्गात जे केले ते शास्त्रीबुवांनी नव्वद वर्षांपूर्वी छापून केले होते. 'पानी' म्हणणाऱ्याला तहान लागते की नाही, हा प्रश्न दोघांनाही पडला नाही. शूद्रातिशूद्रांनी शिकायचे नाही असा दंडक घालायचा आणि शिकून लिहू लागले की शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या. या हसण्यामागे हा न्याय उभा होता.

जोतीराव गप्प बसणारे नव्हते. १८८५ साली ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण आले तेव्हा त्यांनी बोचरे पत्र लिहून ते नाकारले. जे लेखक माणसाला माणसाचे हक्क देत नाहीत त्यांच्या सभेशी आमच्या सभेचा मेळ बसत नाही, असा त्याचा आशय होता. फुल्यांचा उपरोध असा होता. त्यात ज्ञानाचा तोरा नव्हता, सोसलेल्याचा अधिकार होता.

पुढे १९२५ साली पुण्याच्या नगरपालिकेत केशवराव जेधे यांनी फुल्यांच्या पुतळ्याचा ठराव आणला. तो नाकारला गेला. शहराने जोतीरावांना मरणानंतर पस्तीस वर्षांनीही जागा दिली नाही. याच वादळात दिनकरराव जवळकरांचे 'देशाचे दुश्मन' हे जळजळीत पुस्तक निघाले. त्यात टिळक-चिपळूणकरांवर हल्ला होता. त्यावर खटला झाला, खालच्या कोर्टात शिक्षा झाल्या आणि अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. १९२६ साली आरोपी सुटले. ब्राह्मणेतर चळवळ आणि बाबासाहेब यांच्या नात्यातला हा प्रसंग आपल्या कार्यकर्त्यांनी विसरू नये.

आता गंमत पाहा. ज्या १९२५ साली पुण्यात फुल्यांच्या पुतळ्यावरून रान पेटले होते, त्याच साली त्याच पुण्यात 'केशवकुमार' या टोपणनावाच्या तरुण शिक्षकाचा एक विडंबन-कवितांचा संग्रह निघाला आणि सुशिक्षित पुणे पोट धरून हसले. संग्रहाचे नाव 'झेंडूची फुले'. एका फुल्यांना शहरात जागा नव्हती आणि दुसऱ्या फुलांनी शहर दरवळत होते.

३

केशवकुमार म्हणजे अत्रे. जन्म १३ ऑगस्ट १८९८, पुणे जिल्ह्यात सासवडजवळ कोढीत येथे. कऱ्हेच्या काठचा हा मुलगा फर्ग्युसन कॉलेजातून पदवीधर झाला, शाळामास्तर झाला, पुढे लंडनला जाऊन शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन आला. पुण्यात कॅम्प भागातल्या गरिबांच्या मुलांच्या शाळेत त्याने मुख्याध्यापकी केली. कामगारवस्तीतल्या मुलांसाठी राजा धनराज गिरजी हायस्कूल उभे केले. 'नवयुग वाचनमाला' तयार केली. विनोदी लेखकाच्या चरित्रात हा भाग लोक घाईने उरकतात. मला तो महत्त्वाचा वाटतो. ज्याने फाटक्या कपड्यातल्या पोरांना अक्षरे शिकवली, त्याला पुढे फुल्यांची शाळा कळायला मदत झाली असेल.

'झेंडूची फुले'तला विनोद मात्र आपसातला होता. रविकिरण मंडळाच्या कवींची कृत्रिम भाषा, त्यांचे हळवे प्रेम, त्यांचे फारसी शब्द यांची अत्र्यांनी रेवडी उडवली. हसणारा आणि ज्याला हसायचे तो, दोघेही एकाच वर्गातले, एकाच गल्लीतले. त्यात खालच्याला मारलेली लाथ नव्हती, हे मान्य. पण वरच्या सिंहासनाला दिलेला धक्काही नव्हता.

नाटकांतही तेच. 'साष्टांग नमस्कार' १९३३ चे, 'भ्रमाचा भोपळा' १९३५ चे, 'लग्नाची बेडी' १९३६ चे. 'घराबाहेर' आणि 'उद्याचा संसार' या गंभीर नाटकांत मध्यमवर्गीय स्त्रीच्या कोंडमाऱ्याकडे त्यांनी सहानुभूतीने पाहिले, त्याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. पण पडदा वर गेला की दिवाणखाना दिसतो आणि तो पांढरपेशांचा असतो. माझ्या वाचनात तरी या दिवाणखान्यात महारवाड्यातला माणूस माणूस म्हणून पाऊल टाकताना आढळला नाही.

मग आला बोलपट. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' बोलला आणि मराठी सिनेमाला बोलणारे लेखक हवेसे झाले. मूकपटात हावभावावर निभत होते. बोलपटात संवादावर प्रेक्षक तिकीट काढू लागला. रंगभूमीवर टाळ्या घेणाऱ्या अत्र्यांना सिनेमावाल्यांनी बोलावले यात नवल नाही. मास्टर विनायकांबरोबर १९३७ साली 'धर्मवीर' झाला. त्यात धर्माचा मुखवटा घालून मिरवणाऱ्या प्रतिष्ठितांची टर होती. १९३८ साली 'ब्रह्मचारी' आला. भाषण ऐकून ब्रह्मचर्याची शपथ घेणारा औदुंबर, त्याचा आश्रम आणि त्याच्या व्रताला सुरुंग लावणारी किशोरी. मीनाक्षीबाईंच्या पोहण्याच्या पोशाखावर तेव्हा फार चर्चा झाली. पण तो चित्रपट मुळात देहदंडाच्या आणि सोवळ्या राष्ट्रभक्तीच्या खुळाची चेष्टा होता. १९३९ साली 'ब्रँडीची बाटली' आली. दारूबंदीच्या दिवसांत एका बाटलीसाठी झालेली धांदल तीत होती. पुढे स्वतःची चित्रसंस्था काढून अत्र्यांनी १९४१ साली 'पायाची दासी' केला. त्यात सासुरवास होता.

या चित्रपटांनी मराठी माणसाला पडद्यावर मोकळे हसायला शिकवले, असे समीक्षक म्हणतात. ते खरे आहे. पण त्या हसण्याच्या अंगणात आम्ही कुठे बसलो होतो, हे कुणी सांगत नाही. पडद्यावर तर नव्हतोच.

१९४२ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद अत्र्यांना मिळाले. ज्या परंपरेच्या सभेला जायला जोतीरावांनी १८८५ साली नकार दिला, त्याच परंपरेच्या खुर्चीवर अत्रे बसले. येथवर पाहिले तर अत्रे हे प्रस्थापित मराठी साहित्याचे लाडके आणि खोडकर अपत्य होते. येथेच ते थांबले असते, तर हा लेख लिहिण्याचे मला कारण नव्हते.

४

ते थांबले नाहीत. १९४० साली त्यांनी 'नवयुग' साप्ताहिक काढले होते. वृत्तपत्राने लेखकाला दिवाणखान्यातून बाहेर ओढले. सभा, मोर्चे, गिरणगाव, कोर्टकचेऱ्या. समोरचा प्रेक्षक बदलला की विनोदाचीही दिशा बदलते. १९४७ साली 'नवयुग'ने आंबेडकर विशेषांक काढला. त्या काळात सवर्ण वृत्तपत्रे बाबासाहेबांकडे कोणत्या नजरेने पाहत होती, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या अंकाचे मोल सांगावे लागणार नाही.

१९५३ साली अत्र्यांनी साने गुरुजींच्या 'श्यामची आई'वर चित्रपट केला. पटकथा, निर्मिती, दिग्दर्शन सारे त्यांचे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार पहिल्यांदाच दिले गेले, तेव्हा राष्ट्रपतींचे सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला मिळाले. नाव झाले होते, मान मिळाला होता. अशा वेळी धंदा कळणारा निर्माता दुसरी आई शोधतो. अत्र्यांनी फुले निवडले.

ही निवड किती अडचणीची होती याचा विचार करा. १९५४ साली फुल्यांचे समग्र वाङ्मय बाजारात नव्हते. शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने ते काढले १९६९ साली, अत्रे गेले त्याच वर्षी. पाठ्यपुस्तकात फुले असले तर दोन ओळींचे. विद्यापीठात त्यांना विचारवंत म्हणून स्थान नव्हते. पंढरीनाथ पाटलांनी १९२७ साली चरित्र लिहिले होते. सत्यशोधक समाजाने आणि ब्राह्मणेतर चळवळीने जोतीरावांची आठवण जपली होती. बाबासाहेबांनी १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा इंग्रजी ग्रंथ त्यांना अर्पण केला होता आणि त्यांना गुरू मानले होते. म्हणजे फुले जिवंत होते ते बहुजनांच्या आणि दलितांच्या चळवळीत. साहित्याच्या अंगणात नव्हते. ज्या अंगणात नव्हते, त्याच अंगणातल्या एका माणसाने त्यांना पडद्यावर आणायचे ठरवले. पंडितांच्या आधी एका विनोदी लेखकाने हे काम केले, हे मराठी विद्वत्तेने लाजून लक्षात ठेवावे.

'महात्मा फुले'चा मुहूर्त १९५४ च्या जानेवारीत बाबासाहेबांच्या उपस्थितीत झाला. चित्रपटात गाडगेबाबांचे कीर्तन आहे. जोतीरावांची भूमिका बाबूराव पेंढारकरांनी केली, सावित्रीबाईंची सुलोचनाबाईंनी. पेंढारकर हे पडद्यावरचे गाजलेले खलनायक. ज्यांना पुण्याने शतकभर खलनायक ठरवले त्यांची भूमिका त्यांच्याकडे यावी, यातही एक न्याय होता. या चित्रपटाला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले.

हा चित्रपट मी पाहिला तो औरंगाबादच्या एका वस्तीत, भीमजयंतीच्या आठवड्यात. दोन बांबूंना पांढरे धोतर ताणून बांधलेले, प्रोजेक्टरची घरघर, रीळ तुटले की पोरांचा गलका. पडद्यावर गाडगेबाबा दिसले आणि पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बायांनी हात जोडले. "बाबाच की गं हे," एक म्हणाली. तिने बाबांना कुठे तरी डोळ्यांनी पाहिले असावे. नट आणि खरा माणूस यांतला फरक तिने एका क्षणात केला. पुढे चित्रपटभर ती बाई शेजारणीला सांगत होती, "खरं हाय हे, खोटं न्हाई." मी वाङ्मयाचा विद्यार्थी. वास्तववादावर टिपणे काढत होतो. पण वास्तवाचा शिक्का कोण मारतो, हे मला त्या बाईने शिकवले.

मला या चित्रपटाचे मोठेपण त्याच्या कलेपेक्षा त्याच्या जागेत वाटते. मराठी उपहासाच्या ज्या घराण्याने फुल्यांना हसून बाद केले होते, त्या घराण्यातल्या सर्वांत तरबेज माणसाने त्यांच्यापुढे आपले हसणे आवरले. चिपळूणकरांच्या निबंधांनंतर पाऊणशे वर्षांनी दिलेले ते उत्तर होते. अत्र्यांनी तसे म्हटले असो वा नसो, इतिहासाच्या वहीत त्याची नोंद तशीच होते.

५

१५ नोव्हेंबर १९५६ रोजी 'मराठा' दैनिक सुरू झाले. संयुक्त महाराष्ट्राची लढाई पेटली होती. अत्र्यांचा विनोद आता थेट सत्तेवर चालून गेला. मंत्र्यांची नावे घेऊन चेष्टा, अतिशयोक्ती, शिव्याशाप, सारे काही त्यात होते. या लढ्याला एकट्या अत्र्यांच्या वाणीने बळ दिले असे म्हणणे खोटे ठरेल. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या लोकनाट्यांनी आणि पोवाड्यांनी गिरणगाव आधीच जागे केले होते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन समितीत होते. १९५७ च्या निवडणुकीत दादासाहेब गायकवाड लोकसभेवर गेले ते याच लाटेत. आमच्या लोकांनी त्या लढ्याला किती रक्त आणि किती घसा दिला, याचा हिशेब अजून नीट झालेला नाही.

'मराठा' सुरू होऊन तीनच आठवडे झाले होते, तेव्हा ६ डिसेंबर उजाडला. ७ डिसेंबरच्या संध्याकाळी दादरच्या समुद्रकाठी बाबासाहेबांच्या चितेपाशी भदन्त आनंद कौसल्यायन यांच्या हस्ते विधी झाले. लाखो माणसे आक्रोश करत होती. त्या अथांग दुःखासमोर अत्रे बोलायला उभे राहिले. माझे चुलते त्या गर्दीत होते. ते सांगत, "हसवनारा मानूस रडत हुता, म्हनून आमी आनखीन रडलो." त्यानंतर 'मराठा'त अत्र्यांनी बाबासाहेबांवर अग्रलेख लिहिले. पुढे ते 'दलितांचे बाबा' या पुस्तकात आले. त्या अंकांची कात्रणे कित्येक घरांत लोकांनी पत्र्याच्या पेटीत जपली. आमच्याही पेटीत ती होती. दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबरला, गाडगेबाबाही गेले. फुल्यांच्या चित्रपटाशी जोडली गेलेली ही दोन माणसे एकाच महिन्यात महाराष्ट्राने गमावली.

६

आता हिशेबाची दुसरी बाजू. कृतज्ञता ही मोठी गोष्ट आहे, पण ती आंधळी झाली की गुलामगिरीची धाकटी बहीण होते.

पहिली गोष्ट अशी. अत्र्यांचा विनोद नेहमीच न्यायाच्या बाजूने नव्हता. तो माणसावर व्यक्तिशः तुटून पडे. विरोधकाच्या शरीरावर, घरावर, खासगी आयुष्यावर घसरे. 'दहा हजार वर्षां'च्या त्यांच्या अतिशयोक्तीने लोक हसले, पण अतिशयोक्तीची सवय लागलेल्या भाषेत सत्याचे वजन घटते. आपल्या चळवळीतल्या काही वक्त्यांनीही ही सवय उचलली. समोरच्याचा मुद्दा खोडण्याऐवजी समोरच्याची फजिती करायची. ती फजिती बहुतेक वेळा आपल्याच दुसऱ्या गटातल्या माणसाची असते, हे सांगायला नको.

दुसरी गोष्ट अधिक मुळातली आहे. फुल्यांच्या चित्रपटात फुल्यांकडे पाहणारी नजर एका उदार सवर्ण लेखकाची आहे. ती प्रामाणिक आहे, यात शंका नाही. पण जोतीरावांच्या शाळेत १८५५ साली मांग समाजातली चौदा वर्षांची मुक्ता बसली होती. तिने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापून आला. आम्हांला धर्म कोणता, असा प्रश्न त्या मुलीने धर्ममार्तंडांना विचारला. तिच्या लिखाणातही उपरोध आहे, आणि तो पोटातून आलेला आहे. फुल्यांची गोष्ट फुल्यांच्या घरातून लिहिणे वेगळे आणि मुक्ताच्या बाकावरून लिहिणे वेगळे. ते दुसरे लिहिणे अत्र्यांचे काम नव्हते. ते आपले आहे.

तिसरी गोष्ट. विनोद ही पांढरपेशांनी मराठीला दिलेली देणगी आहे, असा समज अत्र्यांच्या गौरवग्रंथांतून नकळत पक्का होतो. तो खोटा आहे. तमाशाचा फड ज्या महार-मांग कलावंतांनी पिढ्यान् पिढ्या जगवला, त्यांतला सोंगाड्या काय करत होता? तो पाटलासमोर पाटलाची, सावकारासमोर सावकाराची टोपी उडवत होता. दिवसा जोहार घालणारा माणूस रात्री बोर्डावर उभा राहून राजाला मूर्ख ठरवत होता. सत्यशोधकी जलशांनी हीच सोंगाड्याची जीभ भटशाहीवर सोडली. भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी गणातून गणपती काढला, गौळणीतल्या थट्टेचा रोख बदलला आणि हसत हसत मेलेली ढोरे ओढणे बंद करायला सांगितले. आमच्या औरंगाबादेत १९५० च्या दशकात मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' नाटक लिहिले आणि दलितांचा इतिहास रंगमंचावर आणला. म्हणजे पटकथेच्या कितीतरी आधी आपल्याजवळ फड होता, जलसा होता, नाटक होते. नव्हता तो कॅमेरा आणि नव्हते ते भांडवल. अण्णा भाऊंच्या 'फकिरा'वर १९६३ साली चित्रपट निघाला, त्यांच्या इतर कादंबऱ्याही पडद्यावर गेल्या, पण अण्णा भाऊ अखेरपर्यंत गरिबीतच राहिले.

७

हे सगळे जुने झाले, आता काय त्याचे, असे कुणी म्हणेल. तर गेल्या काही दशकांकडे पाहा.

१९८८ साली पुण्याच्या 'सोबत' साप्ताहिकात बाळ गांगल यांनी फुल्यांची हेटाळणी करणारे लेख लिहिले आणि महाराष्ट्र ढवळून निघाला. म्हणजे 'निबंधमाले'चे हसू शंभर वर्षांनीही विझले नव्हते. २०२५ च्या एप्रिलमध्ये 'फुले' हा हिंदी चित्रपट यायचा होता. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले. सेन्सॉर बोर्डाने जातींचे आणि पेशवाईचे काही उल्लेख बदलायला लावले. जोतीरावांच्या जयंतीला, ११ एप्रिलला, ठरलेले प्रदर्शन दोन आठवडे पुढे गेले. ज्यांच्यासाठी फुल्यांनी शाळा काढल्या त्यांच्या जातींची नावे घ्यायची नाहीत आणि तरीही फुल्यांचा चित्रपट काढायचा. हा विनोद अत्र्यांनाही सुचला नसता.

आणखी एक गोष्ट मला सलते. 'श्यामची आई' घरोघर माहीत आहे. २०२३ साली ती पुन्हा पडद्यावर आली. 'महात्मा फुले' किती घरांत माहीत आहे? त्याच लेखकाचे दोन चित्रपट, लागोपाठच्या दोन वर्षांतले. एकाला सोने मिळाले, दुसऱ्याला चांदी. पदकातला फरक एवढाच होता, पण समाजाच्या आठवणीतला फरक कितीतरी मोठा निघाला. आईच्या संस्कारांनी डोळे ओले करणे सोपे असते. पुण्याच्या रस्त्यावर शेण-दगड झेलत शाळेला निघालेल्या बाईसमोर डोळे वर करून पाहणे अवघड जाते. अत्र्यांच्या जयंतीला त्यांचे किस्से सांगून हसणारे वक्ते मी खूप ऐकले. त्यांतला एकही 'महात्मा फुले'वर पाच मिनिटे बोलला नाही. समाज लेखकाला विसरत नाही. त्याचे जे सोयीचे नाही तेवढेच विसरतो.

२०१४ साली नागराज मंजुळेंचा 'फँड्री' पाहिला आणि सातवीतला वर्ग डोळ्यांपुढे उभा राहिला. कैकाडी कुटुंब डुक्कर धरते आहे आणि सारा गाव हसतो आहे. शाळेच्या भिंतीवर फुले, सावित्रीबाई, बाबासाहेब, गाडगेबाबा यांची चित्रे आहेत आणि त्यांच्यासमोरून ते डुक्कर खांद्यावर नेले जाते. शेवटी जब्या दगड उचलतो आणि हसणाऱ्यांवर भिरकावतो. तो दगड प्रेक्षकाच्या अंगावर येतो. १९५४ साली एका सवर्ण लेखकाने फुल्यांसमोर आपले हसू आवरले होते. साठ वर्षांनी वडारवाड्यातून आलेल्या लेखकाने हसणाऱ्यांना पडद्यावरून जाब विचारला. या दोन टोकांच्या मध्ये आपली सारी चळवळ उभी आहे. तिच्यात मिलिंद आहे, दलित साहित्य आहे आणि १९७८ ते १९९४ ची नामांतराची होळीही आहे.

म्हणून शिक्षक मित्रांना आणि विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच. अत्रे वाचा, हसा. 'महात्मा फुले' मुलांना दाखवा आणि तो कोणत्या काळात, कुणी, कुणाच्या विरोधात जाऊन काढला, हे सांगा. जे ऋण आहे ते मोकळ्या मनाने माना. आणि मग मुक्ताच्या बाकावर बसून लिहायला घ्या.

मी पुढे छत्तीस वर्षे शिकवले. दर वर्षी कुणीतरी पोर उभे राहून 'पानी' म्हणायचे आणि मागून हसण्याची एक लहर यायची. मी पुस्तक खाली ठेवायचो आणि मुलांना विचारायचो, "चवदार तळ्याला जे होतं ते काय होतं, पाणी की पानी?" वर्ग गप्प व्हायचा. मग मी त्या पोराला म्हणायचो, "वाच, बाळ. पुढचं वाच."